खरी मंडळी ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी.

दर भागाची सुरुवात मी याच शब्दाने करतो आणि आजचा विषयही हाच शब्द आहे. मराठी माणूस घरच्यांना मंडळी म्हणतो, पाहुण्यांना मंडळी म्हणतो, जुन्या वळणाचे गृहस्थ बायकोचा उल्लेखसुद्धा ‘आमची मंडळी’ असा करतात. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणूस मात्र चर्चला मंडळी म्हणतो. कॅथलिक बांधव ख्रिस्तसभा म्हणतात. दोन्ही शब्दांत इमारत कुठेच नाही, फक्त माणसं आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, इंदूर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून मला एकाच धर्तीचा प्रश्न येतो. नोकरीनिमित्त नव्या शहरात आलो. आमच्या गावाकडचं चर्च इथे नाही. घराजवळच्या एका चर्चमध्ये जायला लागलो, तर तिथले पाळक म्हणाले, तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, तुमची गावाकडची मंडळीही खरी नव्हे, पुन्हा बाप्तिस्मा घ्या. आई-वडिलांना कळलं तेव्हा ते फार दुखावले. आता सांगा, खरी मंडळी कोणती?

इतर धर्मांचे श्रोते वेगळ्या बाजूने तेच विचारतात. येशू एक, बायबल एक, मग एका रस्त्यावर पाच फलक कसे?

मी पाद्री नाही. जन्माने ख्रिस्ती आणि पेशाने फौजी. पण या प्रश्नावर दोन हजार वर्षं विचार झालेला आहे आणि तो समजून घ्यायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही.

आधी शब्द

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात चर्चसाठी ‘एक्लेसिया’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ अगदी नागरी आहे: हाक देऊन बोलावलेली नागरिकांची सभा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातल्या दंगलीची हकिगत आहे. तिथे नाट्यगृहात जमलेल्या गोंधळलेल्या जमावालाही हाच शब्द वापरला आहे. म्हणजे शब्दात स्वतःचं असं काही पावित्र्य नाही. बोलावलं कोणी आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून.

यहुदी लोकांनी आपला धर्मग्रंथ हिब्रूतून ग्रीकमध्ये आणला तेव्हा देवासमोर जमलेल्या इस्राएलच्या सभेसाठी त्यांनी अनेक ठिकाणी हाच शब्द वापरला. तिथून तो ख्रिस्ती लोकांकडे आला. पोर्तुगीज लोकांनी त्याचं ‘इग्रेजा’ केलं आणि गोव्याच्या कोंकणीत ती ‘इगर्ज’ झाली. मिझोरामचे लोक चर्चला ‘कोहरान’ म्हणतात. एका मिझो सुभेदारसाहेबांनी मला त्याची फोड सांगितली होती: ‘कोह’ म्हणजे हाक मारणं आणि ‘हरान’ म्हणजे वेगळं. हाक मारून वेगळे काढलेले लोक. ग्रीक शब्दाचा आशय इतक्या नेमकेपणाने पकडणारा दुसरा भारतीय शब्द माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पहिल्या दोन-अडीच शतकांत ख्रिस्ती लोकांकडे आज आपण ज्याला चर्च म्हणतो तशा इमारती जवळजवळ नव्हत्या. ते घरांत जमत. पौलाच्या पत्रांत अमक्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगा, असे निरोप आहेत. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याचं घर हे त्यातलंच एक. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस इथे उत्खननात सापडलेलं, इ.स. २४०च्या सुमारास उपासनेसाठी बदलून घेतलेलं एक राहतं घर, हे आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या चर्चवास्तूंपैकी एक आहे. ३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, त्यानंतर मोठ्या वास्तू उभ्या राहू लागल्या.

फौजी माणसाला यात नवल वाटत नाही. पलटण म्हणजे बराक नव्हे. बराक सोडून पलटण वाळवंटात जाते, बर्फात जाते, तंबूत राहते, तरी ती पलटणच असते. माणसं निघून गेली की मागे उरते ती नुसती इमारत.

चार खुणा

लोक जमले की वाद आलेच. कोणाचं शिक्षण खरं, कोणाचं खोटं? ३२५ साली निकेया इथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल इथे बिशपांच्या परिषदा झाल्या. त्यातून जो विश्वासांगीकार तयार झाला, तो आजही कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन असे कितीतरी लोक उपासनेत म्हणतात. त्यात मंडळीला चार विशेषणं लावली आहेत: एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय.

‘एक’ म्हणजे एकच कार्यालय आणि एकच शिक्का, असं नव्हे. प्रभू एक, म्हणून त्याचे लोक एक.

‘पवित्र’ म्हणजे सगळे सभासद धुतल्या तांदळासारखे, असंही नव्हे. बायबलमध्ये पवित्र म्हणजे देवाने स्वतःसाठी राखून ठेवलेलं.

‘सार्वत्रिक’ हा मूळ ग्रीक ‘कॅथलिक’ शब्दाचा मराठी अर्थ. हा शब्द मंडळीच्या संदर्भात आपल्याला प्रथम भेटतो तो अंत्युखियाचा बिशप इग्नाती याच्या पत्रात, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा त्याचा अर्थ रोमशी संबंधित असा नव्हता. संपूर्ण, समग्र असा होता. जी मंडळी एकाच जातीची, एकाच भाषेची किंवा एकाच थरातल्या लोकांची असते, ती या कसोटीवर अपुरी पडते.

‘प्रेषितीय’ म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी जे शिकवलं त्याच्याशी जोडलेली. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात, ही जोडणी बिशपांच्या अखंड परंपरेतून येते. बहुतेक प्रॉटेस्टंट म्हणतात, ती प्रेषितांच्या शिकवणीतून येते. १९६५च्या लढाईत असलेला एकही माणूस आज पलटणीत हजर नाही, तरी पलटण तीच आहे. ती तीच कशामुळे आहे, नावनिशीच्या सलग वहीमुळे की जिवंत ठेवलेल्या परंपरेमुळे? मला विचाराल तर मी म्हणेन, दोन्हींमुळे. पण यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पाचशे वर्षं भांडले आहेत.

पाळक वाईट असला तर?

आता आपण उत्तर आफ्रिकेत जाऊ. आजच्या ट्युनिशिया आणि अल्जीरियाचा हा भाग तेव्हा रोमन साम्राज्यात होता. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला आणि धर्मग्रंथ जप्त करायचा हुकूम काढला. काहींनी जीव दिला, ग्रंथ दिले नाहीत. काही बिशपांनी मात्र भीतीपोटी ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर प्रश्न उभा राहिला. ज्याने ग्रंथ हवाली केले, त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा का? त्याने नेमलेला बिशप खरा का?

कार्थेज शहराचा बिशप केसिलियन याच्या नेमणुकीवर असाच आक्षेप आला. त्याच्यावर हात ठेवणाऱ्यांपैकी एक जण ग्रंथ हवाली करणारा होता, असा आरोप झाला. विरोधकांनी आपला वेगळा बिशप नेमला. पुढे डोनाटस हा त्यांचा पुढारी झाला आणि त्याच्या नावावरून त्यांना डोनाटिस्ट म्हणू लागले. त्यांचं म्हणणं ऐकायला चोख होतं: खरी मंडळी म्हणजे निष्कलंक लोकांची मंडळी. बाटलेल्या हातांनी दिलेला बाप्तिस्मा पाण्यात गेला. त्यामुळे दुसऱ्या बाजूने आलेल्यांना ते पुन्हा बाप्तिस्मा देत.

बंगळुरू-हैदराबादचा प्रश्न थेट डोनाटिस्टांकडून आलेला नाही, पण नातं जवळचं आहे. आपली तेवढी शुद्ध, बाकीच्यांची खोटी, ही वृत्ती तीच.

३१४ साली आर्ल इथल्या परिषदेने निर्णय दिला की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा द्यायचा नाही. पुढे हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन याने यावर आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. त्याचा मुख्य मुद्दा असा: बाप्तिस्मा देणारा हात माणसाचा असला तरी देणगी ख्रिस्ताची आहे. नळ गंजका असला तरी पाणी धरणातलंच येतं, असं आपण म्हणू. दुसरा मुद्दा गव्हाच्या शेताचा. येशूच्या दाखल्यात गहू आणि निदण एकाच शेतात वाढतात आणि मालक कापणीपर्यंत थांबायला सांगतो. मंडळीत खरे-खोटे मिसळलेले असणारच. निवड करायचं काम देवाचं आहे.

फौजेत नव्याने आलेल्या जवानाला लवकर एक गोष्ट समजते. सलाम माणसाला नसतो, कमिशनला असतो आणि कमिशन राष्ट्रपतींचं असतं. अधिकारी स्वभावाने कसाही असो, त्याने दिलेला कायदेशीर हुकूम हुकूमच असतो. त्याने गुन्हा केला तर कोर्ट मार्शल होईल, पण काल त्याने सही केलेले जवानांचे रजेचे कागद त्यामुळे रद्द होत नाहीत. ऑगस्टिनचा युक्तिवाद साधारण असाच आहे.

४११ साली कार्थेजमध्ये दोन्ही बाजूंच्या शेकडो बिशपांची समोरासमोर चर्चा झाली आणि सम्राटाच्या प्रतिनिधीने निकाल डोनाटिस्टांच्या विरोधात दिला. त्यानंतर त्यांच्यावर सरकारी सक्ती झाली आणि ऑगस्टिनने त्या सक्तीचं समर्थन केलं. हे वाईट झालं. त्याचा युक्तिवाद बरोबर होता, पण तो पटवण्यासाठी दंडुका वापरणं बरोबर नव्हतं. पुढच्या शतकांत याच समर्थनाचा आधार घेऊन पुष्कळ जुलूम झाला.

वचन आणि संस्कार

१५१७ साली जर्मनीत मार्टिन लुथरने रोमच्या काही प्रथांना आव्हान दिलं आणि पश्चिम युरोपातलं ख्रिस्ती जग फुटलं. आता दोन्ही बाजू ‘आम्हीच खरे’ म्हणू लागल्या, तेव्हा कसोटी हवी होती. १५३० सालच्या ऑग्सबर्ग कबुलीत लुथरच्या अनुयायांनी ती थोडक्यात मांडली: जिथे शुभवर्तमान शुद्धपणे सांगितलं जातं आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात, तिथे मंडळी आहे. विधी, पोशाख, सण सगळीकडे सारखे असायची गरज नाही. जॉन कॅल्विननेही याच दोन खुणा सांगितल्या. १५६१ सालच्या बेल्जिक कबुलीने तिसरी जोडली: मंडळीची शिस्त, म्हणजे चुकणाऱ्याला सुधारण्याची व्यवस्था.

कॅथलिक उत्तर वेगळं होतं. कार्डिनल बेलार्मिनने सोळाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की मंडळी ही हवेतली कल्पना नाही. व्हेनिसचं प्रजासत्ताक जसं डोळ्यांना दिसतं तशी ती दिसते. एक विश्वास, तेच संस्कार आणि पोपच्या नेतृत्वाखालचे धर्मगुरू, ही तिची ओळख. चारशे वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्सियम’ हा दस्तऐवज मंजूर केला. त्यात ख्रिस्ताची मंडळी म्हणजेच कॅथलिक चर्च असं सरळ समीकरण मांडलं नाही. ती कॅथलिक चर्चमध्ये वसते, आणि तिच्या दृश्य सीमेबाहेरही पवित्रतेचे आणि सत्याचे अंश आहेत, असं म्हटलं. एका क्रियापदाचा फरक, पण त्यामुळे दार किलकिलं झालं.

आता पुन्हा बाप्तिस्म्याकडे. १५२५ साली झुरिचमध्ये काही लोकांनी बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं म्हणणं असं की बाप्तिस्मा म्हणजे स्वतःच्या विश्वासाची जाहीर कबुली, आणि तान्ह्या बाळाला ती देता येत नाही. आजच्या बॅप्टिस्ट आणि अनेक पेंटेकोस्टल मंडळ्या हेच मानतात. त्यांच्या दृष्टीने ते ‘पुन्हा’ देतच नाहीत, पहिल्यांदाच देतात. हे मत प्रामाणिक आहे आणि त्यासाठी त्या काळी अनेकांनी प्राण दिले. हे समजून घेतलं तर तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा घ्या म्हणणाऱ्या पाळकावर राग येणार नाही.

पण मत प्रामाणिक आहे म्हणून ते तुम्हाला बंधनकारक होत नाही. १९८२ साली पेरू देशातल्या लिमा इथे अनेक परंपरांच्या धर्मशास्त्र्यांनी मिळून एक दस्तऐवज तयार केला. त्यात बाप्तिस्मा हा एकदाच होणारा संस्कार आहे आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल अशी कृती टाळावी, असं मांडलं आहे. म्हणून ज्यांनी मला विचारलं त्यांना माझं उत्तर असं. तुमच्या आई-वडिलांनी तुम्हाला कडेवर घेऊन जे केलं ते खोटं नव्हतं. त्या पाण्यावर तुम्ही आज स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करा, त्यासाठी बहुतेक परंपरांत दृढीकरणाचा विधी आहेच. आणि जवळच्या मंडळीत जायचं असेल तर आदराने जा, पण आई-वडिलांची मंडळी खोटी होती असं म्हणण्याची अट घातली गेली, तर ती मान्य करू नका.

आपल्या देशात काय घडलं

युरोपातली भांडणं मिशनऱ्यांच्या पेट्यांतून भारतात आली. इथल्या शेतकऱ्याला त्या भांडणांशी कर्तव्य नव्हतं. पण तो अहमदनगर भागात असला तर अमेरिकन मराठी मिशनचा, दुसऱ्या तालुक्यात असला तर अँग्लिकन, तिसऱ्या ठिकाणी मेथडिस्ट होई. त्याने कुठला पंथ धरला हे बहुतेक वेळा त्याच्या गावी कोण पोहोचलं यावर ठरलं.

आपल्याच दोन थोर मराठी माणसांना ही चौकट टोचली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन पद्धतीने झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाईंची भूमिका स्पष्ट आहे: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, याचा अर्थ धर्मगुरूंच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मी मुकाट मानीन असा नाही. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. अनेक वर्षं मिशनमध्ये काम करून १९१७ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत टिळक वारले आणि दरबार वाढला नाही. बाप्तिस्म्याशिवाय मंडळी असू शकते का, हा टिळकांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

एकीची वाट सामुदायिक प्रयत्नांतून निघाली. १९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला बिशप अझारिया आणि इतर पुढाऱ्यांनी आवाहन केलं की ही परदेशी फूट आम्ही निर्माण केलेली नाही, ती आम्ही का चालवायची? त्यानंतर अठ्ठावीस वर्षं वाटाघाटी चालल्या. स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं. बिशप मानणारे आणि न मानणारे असे पंथ त्यात एक झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे होते आणि प्रौढांनाच देणारेही होते. दोघांनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य केला. जो प्रश्न सोडवायला बंगळुरूत कुटुंबं तुटतात, त्यावर नागपुरात पन्नास वर्षांपूर्वी वाट निघालेली आहे.

पंगत

इथपर्यंत सगळं बरं वाटतं. आता अवघड भाग.

करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रभुभोजनाविषयी अतिशय कडक शब्द आहेत. तिथले श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत, पीत; कामावरून उशिरा येणाऱ्या गरिबांच्या वाट्याला काही उरत नसे. पौल म्हणतो, याला प्रभुभोजन म्हणता येणार नाही. लक्षात घ्या, करिंथकरांचे विधी पाठ होते, शब्द बरोबर होते. पंगत चुकली होती आणि त्यामुळे सगळंच चुकलं.

दक्षिण आफ्रिकेत १८५७ साली डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने ठरवलं की काळ्या विश्वासणाऱ्यांची उपासना वेगळी ठेवता येईल. आदर्श नाही, पण काहींच्या दुर्बलतेमुळे चालवून घेऊ, असा सूर होता. त्या सवलतीतून वेगळी चर्चेस झाली आणि वर्णभेदाच्या राजकारणाला धार्मिक आधार मिळाला. १९८२ साली ओटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या संघटनेने जाहीर केलं की वर्णभेदाचं समर्थन ही निव्वळ राजकीय चूक नसून पाखंड आहे. तिथल्याच मंडळीने मांडलेली बेलहार कबुली १९८६ साली स्वीकारली गेली.

आपल्याकडे? तिरुनेलवेली भागातल्या वडक्कनकुळम इथे एकोणिसाव्या शतकात असं चर्च बांधलं गेलं, ज्याचे दोन हात वेदीपाशी मिळतात. एका हातात एका जातीचे लोक, दुसऱ्या हातात दुसऱ्या. पाद्री दोघांना दिसे, लोक एकमेकांना दिसत नसत. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ साली फर्मावलं की मंडळीत जातिभेद चालणार नाही. त्यावर दक्षिणेत अनेकांनी मंडळी सोडली, जात सोडली नाही. आणि हा केवळ इतिहास नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे मान्य केलं. आपल्या मराठी ख्रिस्ती लग्नांच्या बोलण्यांत ‘मूळचे कोण’ हा प्रश्न किती हळू आवाजात आणि किती नेमाने विचारला जातो, हे मी सांगायला नको.

मग डोनाटिस्टांचा धडा आणि बेलहारचा धडा एकमेकांविरुद्ध जातात का? एक म्हणतो, मंडळीत पापी असणारच. दुसरा म्हणतो, हे पाप चालणार नाही. मला वाटतं फरक असा आहे. जवान बेशिस्त वागला तर त्याच्यावर कारवाई होते, पलटणीला बट्टा लागतो, पण पलटण राहते. बेशिस्तीचाच स्थायी आदेश निघाला तर मात्र पलटण उरत नाही, टोळी होते. मंडळीतला माणूस पाप करतो तोवर ती पाप्यांची मंडळी आहे आणि येशू पाप्यांसाठीच आला. पण त्या पापाचाच नियम केला, त्यासाठी वेगळं बाक, वेगळा प्याला, वेगळी दफनभूमी ठेवली, तर ज्या हाकेने ती मंडळी जमली त्या हाकेलाच ती नकार देते.

माझ्या एका पोस्टिंगमध्ये रविवारच्या उपासनेला मिळालेली खोली स्टोअरची होती. नागा जवान बॅप्टिस्ट, मिझो प्रेस्बिटेरियन, केरळचे सिरियन परंपरेचे, झारखंडचे कॅथलिक आणि लुथरन. फौजेचे पाद्री म्हणजे धर्मशिक्षक असलेले एकच सुभेदारसाहेब सगळ्यांसाठी. मतभेद होते, झारखंडचे कॅथलिक जवान प्रभुभोजनाच्या वेळी शांत बसून राहत. तो त्यांच्या शिस्तीचा भाग होता आणि त्याचा सगळे मान ठेवत. पण प्रार्थनेत आणि नंतरच्या चहात कोणी कोणाचा मूळ पंथ काढला नाही, जात तर नाहीच. अधिकारी आणि जवान बडाखान्यात एका मांडवात जेवतात, ही सवय तिथे आधीच अंगवळणी पडलेली होती.

नव्या शहरात मंडळी शोधताना

शेवटी कामाची गोष्ट. नव्या गावी गेलात तर फलक कुठला आहे हे नंतर पाहा. चार गोष्टी आधी पाहा.

पहिली, तिथे येशूविषयी सांगतात की पाळकाविषयी? व्यासपीठावरचं नाव ख्रिस्तापेक्षा मोठ्या अक्षरांत असेल तर जपून.

दुसरी, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन आहे का, आणि ते पैशाशिवाय, भीतीशिवाय मिळतं का?

तिसरी, चुकलेल्या पुढाऱ्याला जाब विचारायची काही व्यवस्था आहे का? हिशेब सभासदांपुढे ठेवतात का? सोळाव्या शतकात ज्याला शिस्त म्हटलं ती खालच्यांसाठी जेवढी, तेवढीच वरच्यांसाठीही हवी.

चौथी, पंगतीत कोण आहे? मोलकरीण आणि मॅनेजर एका बाकावर बसतात का? तुमच्या मुलीचं लग्न तिथल्या कोणत्याही विश्वासणाऱ्याशी जमू शकेल का? हा शेवटचा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याआधी घरी विचारून पाहा.

या चारही गोष्टी शंभर टक्के जमलेली मंडळी तुम्हाला सापडणार नाही. सापडली असं कोणी म्हणालं तर डोनाटसची आठवण ठेवा. पण जिथे त्या चुकतात आणि चुकतात हे कबूल करून दुरुस्त केल्या जातात, तिथे बसा, नाव नोंदवा आणि खुर्च्या लावायला हात लावा. मंडळी पाहायला जायची गोष्ट नाही, तिच्यात सामील व्हायचं असतं.

पुढच्या भागात बाप्तिस्म्याचा विषय सविस्तर घेऊ, कारण त्यावर बरेच प्रश्न शिल्लक आहेत. तोवर रजा घेतो. जय हिंद.